मॅगी वॉकर यांचं घर, रिचमंड (व्हर्जिनिया): धुण्याच्या टोपलीतून उभी राहिलेली बँक

आई मागच्या ऑक्टोबरात मिरजेहून आमच्याकडे आली होती आणि तिला वॉशिंग्टनमधली सगळी ठरलेली ठिकाणं दाखवून झाली, व्हाइट हाउस, लिंकनचा पुतळा, विमानांचं म्युझियम, तरी तिचा चेहरा काही फुलत नव्हता, एक दिवस म्हणाली की बाई मला कुणाचं तरी घर दाखव, हे मोठमोठे खांब बघून माझी मान दुखायला लागली. तेव्हा मला रिचमंडचं हे घर आठवलं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं कधीतरी सांगितलं होतं. आमच्याकडून दोन तासांचा रस्ता, हायवेला ट्रॅफिक लागलं तर अडीच-तीन. शनिवारी सकाळी डब्यात थालीपीठं घेऊन निघालो, आई, मी आणि आमची अकरा वर्षांची लेक.

रिव्ह्यू म्हणून आधी कामाचं सांगते. हे घर नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, म्हणजे सरकारी, आणि आम्हाला तिकीट लागलं नाही, एक पैसाही नाही. आधी छोटं प्रदर्शन आणि फिल्म, मग रेंजर तुम्हाला घरातून फिरवतात. एका वेळी थोडेच लोक आत घेतात त्यामुळे वेळा वेबसाइटवर बघून, शक्यतो फोन करून जा, घराची डागडुजी वगैरे चालू असली तर आतली टूर बंद असू शकते. गाडी रस्त्यावरच लावायची. माझ्याकडून पाचपैकी पाच आणि ते का ते आता सविस्तर लिहिते कारण गुगलवरचे बरेच रिव्ह्यू 'सुंदर घर, छान फर्निचर' एवढ्यावरच थांबतात आणि मला ते वाचून वाईट वाटतं. फर्निचर बघायला इतक्या लांब जायची गरज नाही.

मॅगी लीना वॉकर म्हणजे अमेरिकेत बँक काढून तिची अध्यक्ष झालेली पहिली कृष्णवर्णीय बाई. जन्म १८६४ चा, रिचमंडचाच. तेव्हा यादवी युद्ध चालू होतं आणि रिचमंड ही गुलामी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेची राजधानी होती. तिची आई एलिझाबेथ ड्रेपर, गुलामीत जन्मलेली, एका श्रीमंत गोऱ्या बाईंच्या घरी स्वयंपाकघरात कामाला. पुढं गुलामी संपली, लग्न झालं, नवरा हॉटेलात वेटर म्हणून चांगला कमवायचा, आणि १८७६ मध्ये त्याचं प्रेत जेम्स नदीत सापडलं. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं, घरच्यांनी ते कधीच मानलं नाही. मग पदरात दोन लहान पोरं असलेल्या त्या बाईनं काय केलं असेल? लोकांचं धुणं घ्यायला लागली. पोरगी टोपल्या डोक्यावर घेऊन गोऱ्यांच्या घरी पोचवायची आणि परत मळके कपडे आणायची. मॅगी पुढं भाषणात म्हणायच्या की मी तोंडात चांदीचा चमचा घेऊन नाही, जवळजवळ डोक्यावर धुण्याची टोपली घेऊनच जन्माला आले. रेंजर बाईंनी हे वाक्य सांगितलं, मी आईला मराठीत सांगितलं, आणि तिथून आईनं त्यांचं 'मॅगीबाई' करून टाकलं. मीही आता तेच लिहिणार.

इथं आईनं रेंजर बाईंना थांबवलं. तिला धुण्याचं सगळं नीट हवं होतं. पाणी कुठून आणायच्या, इस्त्री कोळशाची होती का, खळ कशाची करायच्या. मी मध्ये उभी राहून दोन्ही बाजूंनी भाषांतर करत होते आणि बाकीचे लोक, आमच्याबरोबर एक म्हातारं जोडपं आणि दोन कॉलेजच्या मुली होत्या, तेही ऐकायला लागले. पाणी नळकोंडाळ्यावरून किंवा विहिरीवरून बादल्यांनी वाहून आणायचं, लोखंडी हंड्यात कपडे उकळायचे, साबण राखेच्या क्षारापासून घरीच, टब म्हणजे बऱ्याचदा बिअरचं लाकडी पिंप अर्धं कापून केलेला, खळ गव्हाच्या कोंड्याची, आणि इस्त्रीत कोळसा नसायचाच, भरीव लोखंडाची इस्त्री चुलीवर तापवायची, ती गार होईपर्यंत फिरवायची आणि तोवर दुसरी तापत ठेवलेली असायची. सोमवारी धुणं गोळा करायचं आणि शनिवारी घड्या घालून पोचवायचं. आई म्हणाली, म्हणजे रविवार सोडून रोज, आणि पावसात वाळवत कुठं असतील गं.

हे सगळं मी इतकं लांबवून लिहिते कारण आपल्याला वाटतं गुलामी संपली म्हणजे माणूस मोकळा झाला. १८६५ मध्ये जवळपास चाळीस लाख माणसं मोकळी झाली आणि त्यांच्या हातात काय होतं तर दोन हात. जमीन देऊ म्हणाले होते, दक्षिणेच्या किनाऱ्यावर काही कुटुंबांना चाळीस एकरपर्यंतचे तुकडे मिळालेही, आणि त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे अँड्र्यू जॉन्सननी, जुन्या मालकांना माफी देऊन बरीचशी परत फिरवली. मग शेतमजुरी करा, त्याच मालकाकडं, नाहीतर घरकामाला जा. तिसरं काही स्वतःचं करायचं म्हटलं की कायदा आडवा. साउथ कॅरोलिनाच्या १८६५ च्या कायद्यात लिहिलेलं होतं की शेती आणि नोकरचाकरी सोडून कृष्णवर्णीय माणसाला दुकान किंवा फेरी करायची असेल तर न्यायाधीशाकडून लायसन्स काढायचं, वर्षाला १०० डॉलर, आणि सुतार-लोहार-शिंप्यासारखं कारागिरीचं काम असेल तर १० डॉलर. गोऱ्याला हे काही नाही. ज्याला काल-परवापर्यंत पगारच नव्हता त्यानं १०० डॉलर कुठून आणायचे. तो कायदा काही आठवड्यांतच लष्करी अधिकाऱ्यानं रद्द केला ती गोष्ट वेगळी, पण मनात काय होतं ते कागदावर आलं ना.

आता धुण्याचं महत्त्व बघा. त्यात भांडवल म्हणजे टब, हंडा, दोन इस्त्र्या. आणि काम स्वतःच्या अंगणात, पोरं डोळ्यासमोर, मालकीण डोक्यावर उभी नाही. म्हणून बायकांनी ते धरून ठेवलं. आणि लढल्याही त्यासाठी, हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं, घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं. मिसिसिपीतल्या जॅक्सन गावच्या धुणेवाल्या बायकांनी १८६६ च्या जूनमध्येच, म्हणजे गुलामी संपून जेमतेम वर्ष झालेलं, महापौरांना पत्र लिहून आपला दर कळवला, दिवसाला दीड डॉलर, कुटुंबाचं महिन्याचं धुणं १५ डॉलर. आणि १८८१ मध्ये अटलांटात तर संपच केला. वीसेक बायकांनी सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत तीन हजारांपर्यंत आकडा गेला, दारोदार जाऊन एकमेकींना सामील करून घेत. मागणी एकच, डझन पाउंड धुण्याला एक डॉलर. गावानं अटकाही केल्या, दंडही केले, आणि सिटी कौन्सिलात प्रस्ताव आला की धुणेवाल्या संघटनेच्या प्रत्येक बाईवर २५ डॉलर लायसन्स फी बसवा. बायकांचं उत्तर असं की आम्ही २५ डॉलर भरतो, भरायला तयार आहोत, पण मग शहराच्या धुण्याचा ताबा आमच्याकडं राहील. शेवटी कौन्सिलनं तो प्रस्ताव सोडून दिला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते.

बरं, धुणं करून चार पैसे जमले, ठेवायचे कुठं? आमच्या आईचं आणि त्या घराचं खरं नातं इथं जुळलं.

मोकळ्या झालेल्या लोकांसाठी म्हणून एक बँक निघाली होती, फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक. लिंकननी ३ मार्च १८६५ ला सही केलेली. लोकांना वाटलं सरकारची बँक आहे, लिंकनचं नाव, सगळी कशी खात्रीची. पाच-दहा सेंटसुद्धा भरता यायचे. धुणेवाल्या, न्हावी, हमाल, सैनिक, चर्च, सगळ्यांनी पैसे टाकले, सतरा राज्यांत शाखा झाल्या, रिचमंडलाही होती. आणि सरकारची हमी? काहीच नव्हती. १८७० मध्ये कायदा बदलून घेतला, मग वरच्या गोऱ्या मंडळींनी ओळखीपाळखीत कर्जं वाटली, जमिनीच्या धंद्यात घातली, १८७३ ला बाजार कोसळला. शेवटी शेवटी फ्रेडरिक डग्लस यांना, जे स्वतः गुलामीतून पळून आलेले आणि ज्यांच्या शब्दावर लोकांचा विश्वास, त्यांना अध्यक्ष करून बसवलं. आत काय चाललंय ते त्यांना पुरतं कळलेलं नव्हतं, त्यांनी स्वतःचे १० हजार डॉलर त्यात घातले, तरी २९ जून १८७४ ला बँक बंद. ६१ हजारांवर खातेदार, जवळपास ३० लाख डॉलर. काहींना पुढं वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्यानं थोडे मिळाले, कितीतरी लोकांना काहीच नाही.

आई माझी मिरजेत डबे करायची. हॉस्पिटलातल्या पेशंटचे नातेवाईक आणि कॉलेजची पोरं, एकेकाळी बावीस डबे होते, पहाटे चारला कणीक. आणि रोज संध्याकाळी पिग्मीवाला यायचा, आई पोळपाट बाजूला सारून पदराला हात पुसून दहा रुपये द्यायची, तो छोट्या पुस्तकात लिहायचा. गल्लीतलाच मुलगा. त्या पतसंस्थेचं नाव इथं लिहीत नाही, गेली ती. एके दिवशी शटर खाली आणि बाहेर बायकांची गर्दी. आईचे अडतीस हजार होते, माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे. पासबुक अजून तिच्या कपाटात साडीच्या घडीत आहे, कितीदा म्हटलं टाकून दे, टाकत नाही. तर रेंजर बाई ही बँक बुडाल्याचं सांगत होत्या आणि मी हळूहळू मराठीत सांगत होते आणि आई मध्येच म्हणाली, "आणि पिग्मी गोळा करणाऱ्या पोराला तोंड दाखवायला जागा राहिली नसंल." मला पटकन बोलताच येईना. मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा रेंजर बाई क्षणभर गप्प झाल्या आणि आईच्या हातावर हात ठेवला त्यांनी.

बँक बुडाली तेव्हा मॅगी जेमतेम दहा वर्षांची व्हायची होती. हे ध्यानात ठेवून पुढचं ऐका म्हणजे ती बाई काय करत होती ते कळेल.

मॅगीबाई पुढं शिक्षिका झाल्या, मग लग्न, आणि १८९९ मध्ये सेंट ल्यूक नावाच्या एका मंडळाचा कारभार हातात आला. हे मंडळ म्हणजे आपल्याकडच्या भिशी आणि विम्याच्या मधलं काहीतरी, वर्गणी भरायची, आजारपणाला मदत, मयताला खर्च. तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट आणि देणी शेकड्यांत. १९०१ मध्ये भाषण केलं की आपल्याला स्वतःची बँक पाहिजे, आपले सुटे पैसे आपणच एकत्र करू आणि त्यांचे डॉलर करू. आणि २ नोव्हेंबर १९०३ ला सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली. पहिल्या दिवशी कुणी शंभरावर डॉलर भरले आणि एकानं फक्त ३१ सेंट भरून खातं काढलं. एकतीस सेंट! तेही घेतले. पोरांना पुठ्ठ्याच्या छोट्या पेट्या दिल्या होत्या सुटे पैसे साठवायला, डॉलर झाला की बँकेत खातं. माझी लेक ते ऐकून लगेच हिशोब करायला लागली की एकतीस सेंटला एक डॉलर व्हायला किती कमी.

रिचमंडात कृष्णवर्णीयांची ही पहिली बँक नव्हती हेही सांगायला हवं. विल्यम वॉशिंग्टन ब्राउन म्हणून होते, जॉर्जियात गुलामीत जन्मलेले, त्यांच्या मंडळाची एका गावातली शाखा आपले जमलेले पैसे एका गोऱ्या दुकानदाराकडं ठेवायची, दुसरीकडं ठेवणार कुठं, आणि त्यानं गावात सांगितलं की या लोकांकडं एवढे पैसे जमलेत. आता गोऱ्यांच्या डोळ्यावर येणार हे शाखेतल्या लोकांना कळलं. मग ब्राउननी स्वतःची बँक काढली, १८८९ ला चालू झाली. ती १९१० मध्ये बुडाली. मॅगीबाईंची बुडाली नाही. महामंदीच्या तोंडावर आणखी दोन कृष्णवर्णीय बँकांशी जोडून घेतली आणि टिकवली.

कर्ज कुणाला दिलं हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. १९२० पर्यंत ६०० च्या वर कुटुंबांना घरं घ्यायला मदत केली होती बँकेनं. आणि एक गोष्ट मॅगीबाई स्वतः सांगायच्या, बूटपॉलिशवाल्या मुलाची. सेकंड आणि क्ले या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक पाय नसलेला मुलगा भाड्याची एक खुर्ची टाकून बूट पॉलिश करायचा, उघड्यावर, ऊन-पाऊस अंगावर. मंडळात आला, बचत करायला लावली, ५० डॉलर झाले तेव्हा तीन खुर्च्यांची छोटी जागा भाड्यानं घेऊन दिली. सात वर्षांनी स्वतःची जागा, बारा खुर्च्या. आईसाठी १९०० डॉलरचं घर घेतलं, सामानासकट, कर्ज काही नाही, आणि खात्यात पाचशेच्या खाली कधी गेला नाही. हे माझ्या आईनं दोनदा सांगायला लावलं.

सगळंच जमलं असं नाही, आणि तेही ऐकण्यासारखं आहे. १९०५ मध्ये त्यांनी ब्रॉड स्ट्रीटवर, म्हणजे गोऱ्यांच्या बाजारपेठेत, मोठं दुकान काढलं, सेंट ल्यूक एम्पोरियम. कपडे, टोप्या, मापात फसवणार नाही असं, आणि काउंटरवर कृष्णवर्णीय मुली नोकरीला, ज्यांना तोवर धुणीभांडी सोडून काम मिळत नव्हतं. गोऱ्या दुकानदारांनी आधी जागा विकत घ्यायला जास्त पैसे देऊ केले, ऐकत नाही म्हटल्यावर संघटना केली आणि होलसेलवाल्यांवर दबाव आणला की यांना माल देऊ नका. आणि आपलीच माणसं गोऱ्यांच्या दुकानात जात राहिली, जुनी सवय, उधारी. मॅगीबाई भाषणात कळवळून म्हणायच्या की जो सिंह आपल्याला खायला बसलाय त्यालाच आपण पोसतोय. दुकान १९११ मध्ये बंद पडलं. मला वाटतं बँकेपेक्षाही या दुकानाची गोष्ट लोकांनी ऐकावी, कारण गिऱ्हाईक, माल, जागा या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हातात असताना धंदा करणं म्हणजे काय ते इथं कळतं.

घराविषयी आता थोडं. ईस्ट ली स्ट्रीटवर आहे, विटांचं, १९०४ मध्ये घेतलं आणि वाढवत वाढवत २८ खोल्यांचं केलं. सामान त्यांच्याच घरचं आहे, १९७९ मध्ये घर कुटुंबाकडून सरकारकडं आलं तेव्हा सगळं तसंच होतं. शेवटी त्या व्हीलचेअरवर होत्या म्हणून १९२८ मध्ये लिफ्ट बसवून घेतली, घरात लिफ्ट! १९३४ मध्ये गेल्या. एवढं वैभव बघून आधी मन जरा भांबावतं. धुण्याचा टब या घरात नाही, तो तुम्हाला विचारून, ऐकून मनात आणावा लागतो. म्हणून माझा सल्ला, आधी प्रदर्शन नीट बघा मग घरात जा, आणि रेंजरना प्रश्न विचारा, विचारलं की ते भरभरून सांगतात. इंग्रजी फार येत नसलेल्या आईबाबांना नेत असाल तर तुम्ही भाषांतराची तयारी ठेवा, सोडू नका त्यांना नुसतं मागं मागं फिरायला. दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना कळतं, लहानांना कंटाळा येईल.

टूरनंतर लगेच गाडीत बसू नका, या भागात चाला. जॅक्सन वॉर्ड म्हणतात याला. एकेकाळी इथं कृष्णवर्णीयांची दुकानं, बँका, विमा कंपन्या, थिएटरं होती. १९५० च्या दशकात मधोमध हायवे घातला आणि वस्ती चिरली, कितीतरी घरं गेली. तो हायवे अजून तिथं आहे, आम्ही त्याच्यावरूनच आलो होतो सकाळी, हे कळल्यावर कसंतरीच झालं. ब्रॉड आणि अ‍ॅडम्स रस्त्यांच्या कोपऱ्यावर २०१७ मध्ये बसवलेला मॅगीबाईंचा पुतळा आहे, तोही बघा.

जेवायला जवळच एका छोट्या हॉटेलात गेलो. आपल्या शाकाहारी लोकांसाठी सांगून ठेवते, या भागातल्या पद्धतीची हिरवी पालेभाजी मिळते, कोलार्ड म्हणतात, दिसायला साधी पण तिच्यात बऱ्याचदा डुकराचं नाहीतर टर्कीचं मांस घालून शिजवतात, तर आधी विचारा. आईनं मक्याचा पाव आणि रताळी खाल्ली, वर आमची थालीपीठं होतीच.

जेवण झाल्यावर आई म्हणाली त्या पोराची खुर्ची कुठं होती ते दाखव. सेकंड आणि क्लेचा कोपरा घरापासून चालत काही मिनिटांवर आहे. तिथं काही पाटी वगैरे आम्हाला दिसली नाही, साधा चौक. आई चारी कोपऱ्यांवर जाऊन आली, सावली कुठल्या बाजूला पडते ते बघितलं, आणि एका कोपऱ्याला म्हणाली इथंच बसत असंल, दुपारी ऊन लागत नाही. लेकीनं तिचा तिथं फोटो काढला.

डिसेंबरात माझा भाऊ येतोय. पतसंस्था बुडाल्यावर प्रशासकाच्या ऑफिसात अर्ज घेऊन रांगेत तोच उभा राहायचा, सोळा वर्षांचा होता तेव्हा. त्याला घेऊन परत जाणार आहे.